चिंचेपाशी सोडा

दैतारी बेहेरा मराठीच्या तोंडी परीक्षेत नापास झाला.

हे मी सांगितलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. झालेली गोष्ट झालीच नाही असं धरून चालायची आमच्या गावाला जुनी सवय आहे, आणि ही गोष्ट संपेपर्यंत तुम्हीही गावातलेच आहात असं मी धरतो. तेव्हा दैतारी अजून परीक्षेला बसायचाय. रिक्षा संघटनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बाकावर ताठ बसलाय आणि माझ्याकडं बघून ओरडतोय.

"आपण कोठे जाऊ इच्छिता?"

"हळू, दैतारी," मी म्हटलं.

"हळूच बोललो, सर," तो ओरडला.

तो चिडलेला नव्हता. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून तो आमच्या गावात आला होता तो मागावर काम करायला. यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याकडं काडेपेटी मागायची तरी जाहीर सभेत बोलल्यासारखं बोलावं लागतं. पुढं कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, दैतारीचा आवाज तेवढा चालू राहिला. आता तो दुसऱ्याची रिक्षा रोजाच्या भाड्यानं चालवायचा. "आज ऊन फार आहे" एवढंच तो म्हणाला तरी मागचा प्रवासी खिसा चाचपायचा.

त्या वर्षी सोडतीत त्याचं नाव परमिटला निघालं. स्वतःचं परमिट, स्वतःची रिक्षा. मराठी येतं असा शेरा आरटीओतून मिळवायचा, एवढीच अट. शेरा मिळाला तर परमिट, नाही मिळाला तर ते यादीतल्या पुढच्या माणसाला. बायको आणि मुलगी गंजामला होत्या. रिक्षा झाली की त्या यायच्या, असं ठरलं होतं. मुलीचं नाव रिक्षाच्या पाठीवर लिहायचं, पिवळ्या रंगात, खाली कमळ, इथपर्यंत त्यानं पेंटरशी बोलून ठेवलं होतं. मुलीचं नाव बनिता. रिक्षा तेवढी व्हायची राहिली होती.

मी तिथला मास्तर. एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला मी तिसऱ्यांदा बसलो होतो, त्यामुळं विषय माझा पक्का होत चालला होता. मला नेमलं जनूभाऊ खुटवडांनी. जनूभाऊ रिक्षा संघटनेचे अध्यक्ष. स्वतः जन्मभर रिक्षा चालवली, आता पोट स्टेअरिंगला लागायला लागल्यामुळं अध्यक्ष झालेले.

"मास्तर, ते इच्छिता-बिच्छिता बंद करा," ते दारातूनच म्हणाले. "काल एक म्हातारा दत्ताच्या रिक्षातनं उतरून चालत घरी गेला. म्हणला, माणूस सरकारी दिसतोय, उगं लफडं नको."

दैतारी हे नाव गावाच्या जिभेला जड जायचं, म्हणून गावानं त्याला दत्ता करून टाकलं होतं. त्यानंही ते चालवून घेतलं होतं.

"पुस्तकात तसंच आहे, जनूभाऊ," मी म्हटलं.

"पुस्तकाला कुठं जायचं असतंय? जायचं माणसाला असतंय."

"मग ड्रायव्हरला भाषा यायलाच पाहिजे का? हातवारे करूनही पोचतो माणूस."

"यायलाच पायजे. हितं राहायचं, हितलं खायचं, मग हितलं बोलायचं न्हाई व्हय? मी तिरुपतीला गेलो तवा तिथला रिक्षावाला माझ्यासंगं हिंदी बोलला. हिंदी मला येत न्हाई, त्याला बी येत न्हाई. आम्ही दोघं बी हरवलो. संध्याकाळी त्याच्या घरी जेवलो आणि सकाळी देव बघितला." ते बाकावर बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाचा दैतारी थोडा वर गेला. "म्हणून म्हणतो, पोरांना पत्ते शिकवा. आपल्या गावाचे."

यात काम होतं. आमच्या गावात रस्त्यांना नावं आहेत, नावांच्या पाट्या आहेत, आणि त्या कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. पत्ता सांगायचा तो नाहीशा झालेल्या गोष्टीवरून. जी गोष्ट अजून जागेवर आहे तिच्यावरून पत्ता सांगणं आमच्याकडं पोरकटपणाचं समजतात.

मी दैतारीकडं वळलो. "मोहन टॉकीजला सोडा."

"टॉकीज पाडलं. तिथं बँक आहे. सोडणार."

"कदम डॉक्टरांकडं?"

"डॉक्टर वारले. चपलांचं दुकान आहे. सोडणार."

"नवा पूल?"

दैतारीनं डोळे मिटले. "जुना पूल वाहून गेला. परत बांधला. तो नवा, पण त्याला जुना म्हणतात. नवा पूल त्याच्या आधीचा. म्हणजे जुना आहे तो नवा."

"शाब्बास," जनूभाऊ म्हणाले. "ह्याला गाव कळलं. आता चिंच विचारा."

"चिंचेपाशी सोडा, दैतारी."

दैतारीनं डोळे उघडले.

"अरे, चिंचेपाशी."

"चिंच नाही," दैतारी म्हणाला.

"टॉकीज तरी कुठं हाय? डॉक्टर तरी कुठं हायत?" जनूभाऊ म्हणाले. "तिथं सोडतोस की."

"चिंच नाही."

"आन् तुझा तर स्टॉपच चिंचेपाशी हाय. दिवसभर लोकं तिथनं नेतोस, तिथं आणतोस."

"नेतो. आणतो. तोंडानं म्हणत नाही."

जनूभाऊंनी माझ्याकडं बघितलं. विद्यार्थी तुमचा, अशा अर्थानं.

चिंचेचं सांगायला हवं. चौकात मोठी थोरली चिंच होती. रस्तारुंदीत ती एके दिवशी पहाटे तोडली. कुणी तोडली ते कळलं नाही. पालिका म्हणाली ठेकेदारानं, ठेकेदार म्हणाला वरून आदेश होता, वरचे म्हणाले आमच्या कागदावर झाडच नाही. मग आठवडाभरानं गाव जागं झालं आणि चिंच बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष जनूभाऊ. समितीचं काम आजतागायत चालू आहे. झाड गेलं म्हणून समिती बरखास्त केली तर झाड गेलं हे मान्य केल्यासारखं होईल, असा मुद्दा जनूभाऊंनी मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला.

चिंचेच्या बुडाशी चांगुणाआक्का बसायची. चिंचा, बोरं, आवळे विकायची. झाड गेलं, पार गेला, डांबर आलं. आक्का त्याच डांबरावर पोतं टाकून बसते. चिंचा आता सोमवारच्या बाजारातून आणते आणि "ह्याच झाडाच्या" म्हणून विकते. लोक म्हणतात, ह्या झाडाची चवच वेगळी.

तिच्या शेजारीच दैतारीचा स्टॉप. तिथं त्याच्याबद्दल दोन तक्रारी होत्या. एक, तो रिक्षा सरळ रांगेत लावायचा नाही, तिरकी लावायचा, आणि वर ती सारखी थोडी पुढं, थोडी मागं करत राहायचा. "रिक्षा लावतोस का घड्याळाचा काटा फिरवतोस?" असं जनूभाऊंनी त्याला विचारलंही होतं. दुसरी तक्रार, भर दुपारचं भाडं तो नाकारायचा. झोप येत असेल, असं सगळ्यांनी धरलं.

परीक्षेच्या दिवशी मी आणि जनूभाऊ त्याच्याबरोबर आरटीओत गेलो. मी परीक्षेच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. परीक्षा घ्यायला इन्स्पेक्टर दुसाने मॅडम होत्या. धुळ्याकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. पेनाचं टोपण काढायच्या, घालायच्या, परत काढायच्या.

"नाव?"

"दैतारी बेहेरा."

मॅडमच्या टेबलावरचा वरचा कागद हलला.

"मला ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "वयस्कर माणूस रिक्षात बसला तर काय कराल?"

"हळू चालवणार. उतरताना हात देणार."

"कुणाची पिशवी राहिली तर?"

"परत नेऊन देणार. एकदा दिली. कोंबडी होती."

"पिशवीत?"

"पिशवीत. रस्त्यात अंडं दिलं तिनं. अंडं पण दिलं परत."

मॅडमनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. चांगलंच लिहिलं असावं, कारण त्यांचा ओठ एका बाजूला गेला होता. दारात जनूभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग मॅडमनी ऑफिसातल्या स्थानिक क्लार्कनं काढून दिलेला शेवटचा प्रश्न वाचला.

"समजा, मी प्रवासी आहे. मला चिंचेपाशी जायचं आहे."

माझ्या पाठीवरचा हात तिथंच थांबला.

"चिंच नाही," दैतारी म्हणाला.

"मला चिंचेपाशी सोडा."

"मॅडम, चिंच नाही."

मॅडमनी टोपण काढलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "भाडे नाकारतो. आवाज चढवतो."

मी आत शिरलो. "मॅडम, त्याचं बरोबर आहे. चिंच खरंच नाही."

"तुम्ही कोण?"

"मी यांचा मराठीचा मास्तर."

"म्हणजे हे तुम्ही शिकवलंत."

"हे सोडून बाकीचं शिकवलं."

मॅडम मागं रेलल्या. "मास्तर, मी इथं आल्यापासून लोक मला चिंचेपाशी भेटायला बोलावतात. दर वेळी मी त्या चौकात गोल फिरून परत येते. मला वाटलं, मलाच सापडत नाही. आणि तुम्ही म्हणताय ती नाहीच."

"नाहीच."

"चला मग. दाखवा. झाड नसेल तर याचं उत्तर बरोबर. मी शेरा बदलते."

"नसलेलं झाड दाखवायचं ना?" जनूभाऊ खुशीत म्हणाले. "त्यात काय अवघड हाय? नुसतं डांबर दिसंल."

आम्ही दैतारीच्याच रिक्षात बसलो. एरवी मी ड्रायव्हरशेजारी बसलो असतो, पण मागं आरटीओच्या मॅडम होत्या, म्हणून मागच्याच सीटवर जनूभाऊंनी शिल्लक ठेवलेल्या भागावर बसलो. सगळ्यांची खात्री होती. चौकात जायचं, बोट दाखवायचं, बघा मॅडम, काही नाही, संपलं. रस्ताभर जनूभाऊ मॅडमना आपल्या जावयाच्या पोल्ट्रीबद्दल सांगत होते. सांगता सांगता त्यांनी पुढं वाकून दैतारीच्या खांद्यावर टकटक केली.

"बस बस, दत्ता. आली चिंच."

रिक्षा थांबली. मॅडमनी हळूच मान वळवली.

"काय आलं?"

"चिंच," जनूभाऊ म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे न्हाई आली."

आम्ही उतरलो. दुपारचं ऊन डोक्यावरून नुकतंच कलायला लागलं होतं. दैतारीनं सवयीनं रिक्षा रांगेच्या बाहेर काढली, तिरकी लावली, हातभर पुढं घेतली, थोडी मागं ढकलली. मॅडम समोरच्या पानाच्या टपरीवर गेल्या.

"चिंच कुठं आहे हो?"

"ही काय, बाई," पानवाला म्हणाला. त्यानं चुन्याचं बोट रस्त्याकडं केलं आणि मग ते वर वर नेत आभाळापर्यंत नेलं, झाड किती उंच आहे ते दाखवायला.

"ही?"

"मग? दुसरी चिंच हाय का गावात?"

मी मॅडमना म्हटलं, "हा पानवाला जरा तसाच आहे." तेवढ्यात एका गृहस्थानं स्कूटर आणून रस्त्याकडेला उभी केली, चार पावलं गेला, परत आला आणि स्कूटर टपरीच्या बाजूला नेऊन लावली.

"तिकडं का हलवली?" मॅडमनी विचारलं.

"चिंचेखाली लावू नये," तो म्हणाला. "पाखरं घाण करतात." आणि त्यानं खिशातला रुमाल काढून सीट पुसली. सीट स्वच्छ होती.

"या बाई, सावलीला या," चांगुणाआक्कानं हाक मारली. "उन्हात काय उभ्या ऱ्हायलासा?"

मॅडम तिच्या पोत्यावर जाऊन बसल्या. डोक्यावरचा पदर खाली घेतला, चेहरा पुसला. आक्कानं त्यांच्या हातावर दोन चिंचा ठेवल्या. "ह्याच झाडाच्या."

"इथं खरंच गार आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, वर बघा," मी म्हटलं. "वर काही आहे का?"

मॅडमनी वर बघितलं. वर आभाळ होतं. त्यांनी चिंच तोंडात टाकली, विचार केला आणि बी हातावर काढलं.

"झाड दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण साक्षीदार सगळे झाडाच्या बाजूचे आहेत. तुमचे अध्यक्षसुद्धा. मी एकटी काय करू?" त्यांनी पेन काढलं. "बेहेरा, इथं या. मागचं मी लिहिलंच नाही असं धरते. याच जागेवर परत विचारते. मला चिंचेपाशी जायचं आहे."

एव्हाना स्टॉपवरचे सगळे रिक्षावाले जमले होते. दैतारी पुढं आला. जनूभाऊ त्याच्या कानाला लागले. "नुसतं 'बसा' म्हण. जास्त काय बोलूच नको. एक शब्द हाय बाबा. बसा."

दैतारीनं आक्काकडं बघितलं.

"मॅडम, चिंच नाही," तो म्हणाला. "मी तोडली."

कुणीतरी पिचकारी टाकायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"माग बंद झाला. काम नव्हतं. ठेकेदार पहाटे ट्रकमध्ये घालून घेऊन आला. करवतीला एका बाजूनं मी होतो, दुसऱ्या बाजूनं एक जण. तो गेला गावाकडं. ही आक्का तिथं उभी होती. झाड पडल्यावर हिनं आम्हाला पाणी दिलं."

चिंच कुणी तोडली हे इतकी वर्षं गावात कुणालाच माहीत नव्हतं, कारण ती तुटलीच नव्हती. आता एक माणूस भर चौकात मराठीत सांगत होता, आणि मराठीत कुठं चूकही नव्हती. सगळे जनूभाऊंकडं बघायला लागले. जनूभाऊंची अडचण मला दिसत होती. चिंच बचाव समितीचे अध्यक्ष आणि रिक्षा संघटनेचे अध्यक्ष एकाच शर्टात उभे होते आणि दोघांना वेगवेगळं बोलायचं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"कोण काय बोललं का?" ते म्हणाले. "मला तर काय ऐकू आलं न्हाई. तू ऐकलंस का रे?"

"न्हाई," पानवाला म्हणाला.

"तू?"

"मी आत्ता आलो," स्कूटरवाला म्हणाला.

"मास्तर?"

मी मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलवली ते मला आता आठवत नाही. राहिल्या मॅडम. त्यांनी पेनाचं टोपण घातलं, काढलं.

"वाहनांचा आवाज फार आहे," त्या म्हणाल्या. चौकात त्या वेळी एकही वाहन चालू नव्हतं. "उमेदवाराचं उत्तर नीट ऐकू आलं नाही. उमेदवारानं परत सांगावं."

महिन्याभरात मॅडम आमच्या गावाच्या झाल्या होत्या. जनूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा स्टॉप मनातल्या मनात 'बसा' म्हणत होता. दोघातिघांचे ओठही हलत होते.

दैतारीनं छाती भरून घेतली, आणि चालू मागांच्या कारखान्यात या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला सांगतो तसं सांगितलं.

"चिंच मी तोडली."

मोहन टॉकीजवरची, म्हणजे बँकेवरची, कबुतरं उडाली. आता ऐकलं नाही म्हणायची सोय राहिली नाही.

चांगुणाआक्का तेवढी शांत होती. बोरांवरची माशी हाकलून ती म्हणाली, "कुठली तोडलीस म्हणतोस?"

"ही, आक्का."

"ही?" तिनं शेजारच्या डांबरावर तळहात टेकवला. "आन् मग ही सावली कशाची रं?"

आम्ही सगळ्यांनी खाली बघितलं. मला वाटतं, त्या जागी खाली बघायची गावाची ती पहिलीच वेळ असावी.

सावली होती. आक्का, आक्काची टोपली, पोतं आणि इन्स्पेक्टर दुसाने मॅडम, सगळे तिच्यात नीट मावले होते. सावलीला वरून टपाचा गोल होता, बाजूला पडदा होता आणि एका अंगाला आरशाचा कान होता. तिच्या पलीकडं तिरकी लावलेली रिक्षा उभी होती.

रांग मोडतो म्हणून ज्यांनी तक्रार केली होती ते रिक्षावाले आपापल्या चपलांकडं बघायला लागले. बोलताना बराच वेळ गेला होता आणि ऊन सरकून आवळ्यांच्या टोपलीपर्यंत आलं होतं.

"मॅडम, जरा पाय," दैतारी म्हणाला.

मॅडमनी पाय आत घेतले. दैतारीनं रिक्षाला खांदा लावला आणि ती हातभर पुढं ढकलली. टोपली परत सावलीत आली.

मग मॅडमनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मी वाकून बघितलं. 'प्रवाशास इच्छित स्थळी नेण्यास नकार' असं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "त्याला मराठी येतं. तुमच्यासमोर बोलला तो."

"येतं. तसंही लिहिलंय वर." त्यांचा आवाज खाली आला. "मास्तर, मी किती वेळा विचारलं? 'बसा' मला माझ्या मनानं लिहिता येत नाही. तो म्हणालाच नाही."

त्या उठल्या. त्यांना ऑफिसला परत जायचं होतं. दैतारीनं बाजूच्या रिक्षाकडं हात केला. "ह्याच्यातून जा, मॅडम. मी आता जाऊ शकत नाही. दुपार आहे."

आरटीओच्या इन्स्पेक्टरचं भाडं आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर नाकारणारा तो आमच्या गावातला पहिला रिक्षावाला. ते मात्र मॅडमनी लिहिलं नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही टपरीवर चहा प्यायलो.

"'बसा' म्हणायला काय झालं होतं तुला?" मी विचारलं. "एवढं सगळं ऐकू न आल्यासारखं केलं त्यांनी. मॅडमसुद्धा."

"सर, सगळे म्हणतात चिंच आहे," दैतारी म्हणाला. जमेल तितका हळू बोलला, पानवाल्यानं तरी वळून बघितलं. "आहे तर मग मी काय केलं? माग बंद झाल्यावर या गावात माझं ते पहिलं काम. लोक ते झालंच नाही म्हणतात. मग रोज दुपारी इथं कशाला थांबतो मी?"

मी टपरीच्या पत्र्याकडं बघितलं. तोंडी परीक्षेतही मी असाच छताकडं बघतो.

"बनिताच्या आईला काय सांगणार?"

"नापास झालो, ते. खरं ते सांगणार." त्यानं कप खाली ठेवला. "तिला मराठी येत नाही. ओडियात सांगणार."

परमिट यादीतल्या पुढच्या माणसाला गेलं. पुढं मालकानं ती भाड्याची रिक्षाही विकली, आणि दैतारी सुरतेला गेला, परत मागावर. जाताना त्यानं आक्काला एक छत्री आणून दिली. आक्कानं ती घरी नेऊन ठेवली. झाडाखाली बसून छत्री उघडली तर लोक हसतील, असं तिचं म्हणणं.

चौकात त्या दिवशी जे झालं ते गावानं झालंच नाही असं धरलं. समितीच्या पुढच्या सभेत विषय निघाला नाही, आणि तो निघाला नाही हेही कुणी बोललं नाही.

याला आता सहा-सात वर्षं झाली. मी एकदाचा एम.ए. झालो आणि मुंबईत एका कार्यालयात मराठी पत्रांचे मसुदे करतो. दैतारीचा फोन दिवाळीला येतो; तो बोलत असताना मी मोबाइल टेबलावर ठेवतो आणि सगळं कार्यालय त्याची खुशाली ऐकतं. परवा उन्हाळ्यात गावी गेलो. स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला नवा होता, उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडचा, आणि परीक्षा पास झालेला. तसा कागद त्यानं काचेवर चिकटवला होता.

"चिंचेपाशी सोडा," मी म्हटलं.

"चिंच?" त्यानं आरशातून बघितलं. "असं म्हणा की दत्तापाशी. बसा."

"कुठल्या दत्तापाशी?"

"दत्ताचा स्टॉप. सगळे तसंच म्हणतात."

"देऊळ झालंय का तिथं?"

"देऊळ नाही."

"मग दत्ता कोण?"

"माहीत नाही. तिथं कुणी नसतं."

"मग सोडणार कुठं?"

"तुम्ही नवीन आहात का गावात?" त्यानं विचारलं. "नसला म्हणून काय झालं? सोडतो की."

चौकात उतरलो तर रिक्षांची रांग होती, आणि रांगेच्या बाहेर एक रिक्षा मावेल एवढी जागा मोकळी होती, तिरकी. जनूभाऊ टपरीवर बसले होते. थकलेत. ती जागा कुणाची, असं मी विचारलं.

"दत्ताची," ते म्हणाले. "तिथं कुणाला रिक्षा लावू देत न्हाई आम्ही. नियमच केलाय संघटनेनं. त्याची जागा ती त्याची जागा."

"कुठं गेलाय तो?"

"जेवायला गेला असंल," जनूभाऊ म्हणाले, आणि रस्त्याकडं बघत राहिले.

त्या मोकळ्या जागेच्या अलीकडं चांगुणाआक्का बसली होती. जागा मोकळी असल्यामुळं ऊन सरळ तिच्यावर येत होतं. चिंचा मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. तिनं डोळ्यांवर हात धरून मला ओळखलं.

"ये रं मास्तर. उन्हात काय उभा ऱ्हायलास? सावलीला ये."

मी तिच्याशेजारी बसलो. डांबर भाजत होतं. बराच वेळ बसलो, आणि मुंबईला परत आल्यावर, दुसरं काही येत नसल्यामुळं, एक मसुदा केला. तो असा.

प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपालिका. महोदय, चौकातील चिंच व श्री. दैतारी बेहेरा हे दोन्ही आपापल्या जागी असल्याचे सर्व नागरिकांनी एकमताने मान्य केलेले आहे. सबब, त्यांची सावली श्रीमती चांगुणाबाई यांच्या टोपलीवर दररोज दुपारी, ऊन कलेल तसतशी हातभर सरकवून, पूर्ववत पडेल अशी व्यवस्था आपल्या स्तरावरून तात्काळ करण्यात यावी, ही नम्र विनंती.